लिसा पाथफाइंडर आणि अंतराळातल्या गुरुत्वीय लहरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे जड वस्तू एकमेकांभोवती फिरल्या की अवकाशात उठणाऱ्या लाटांवर, काही लिहिलं किंवा कुठे बोललं की लिसा पाथफाइंडरबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र टाकली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत आणि पुढे पुढे किचकट होत जातात. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायला लागू नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. लिसा पाथफाइंडर म्हणजे नक्की काय होतं?

युरोपियन स्पेस एजन्सीचं, म्हणजे ईसाचं, एक टेस्टिंगचं यान. ३ डिसेंबर २०१५ ला फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून वेगा रॉकेटने उडालं. खरं तर २ डिसेंबरला उडायचं होतं, आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांचा पेपर छापून आला त्याला बरोब्बर शंभर वर्षं होत होती त्या दिवशी, पण रॉकेटच्या वरच्या टप्प्याबद्दल एक शंका आली आणि एक दिवस पुढे गेलं.

याच्या पोटात सोनं-प्लॅटिनमचे दोन ठोकळे होते, एकमेकांपासून साधारण ३८ सेंटीमीटरवर. या दोन ठोकळ्यांना जगातल्या कुठल्याही धक्क्यापासून, ओढीपासून, ढकलण्यापासून इतकं लांब ठेवायचं की त्यांच्यावर फक्त गुरुत्वाकर्षणच काम करेल, आणि मग खरंच तसं झालं का ते लेझरने मोजायचं. एवढंच काम. ऐकायला फारच साधं वाटतं आणि त्यासाठी पंधराएक वर्षं लागली. तीन यानं वापरून गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या, पुढे येणाऱ्या लिसा नावाच्या मोठ्या मोहिमेचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

२. मग पाथफाइंडरने गुरुत्वीय लहरी पकडल्या का?

नाही. आणि पकडायच्याही नव्हत्या. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बातम्यांच्या हेडलाइन वाचून येतो.

गुरुत्वीय लहर गेली की दोन वस्तूंमधलं अंतर किंचित बदलतं आणि हा बदल मूळ अंतराच्या प्रमाणात असतो. म्हणजे अंतर जेवढं मोठं तेवढा बदल मोठा. लिसामध्ये हे अंतर, दोन यानांमधलं, २५ लाख किलोमीटर असणार आहे, तरी बदल मोजायचा तो पिकोमीटरमध्ये. पाथफाइंडरमध्ये तेच अंतर ३८ सेंटीमीटर, त्यामुळे लहरीने होणारा बदल इतका नगण्य की विचारूच नका. पण त्यातच गंमत आहे, कारण लहरीचा परिणाम शून्यच धरायचा म्हटल्यावर ठोकळे जे काही हलतील ते सगळं आपल्याच यंत्राचं पाप, आणि तेच तर मोजायचं होतं.

३. गुरुत्वीय लहरी पकडायला जमिनीवर लायगो आहे, व्हर्गो आहे. एवढा खर्च करून अंतराळात जायचं कशाला?

कारण जमीन हलते. भूकंपच व्हायला पाहिजे असं नाही, समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात, ट्रक जातो, वारा झाडांना हलवतो, याने जमीन सतत थरथरत असते. आरसे कितीही छान टांगले तरी साधारण १० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा लहरींच्या, खाली लायगोला ऐकू येणं अवघड होत जातं. शिवाय जमिनीत आणि हवेत वस्तुमान इकडेतिकडे होतं त्याचं गुरुत्वाकर्षण थेट आरशाला ओढतं आणि त्याला कुठलाही शॉक अब्सॉर्बर चालत नाही, गुरुत्वाकर्षणाला आडोसा नसतोच.

लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला जी पहिली लहर पकडली ती सूर्याच्या तीसेक पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांची होती. आकाशगंगांच्या मधोमध जी लाखो-कोटी सूर्यांएवढी कृष्णविवरं असतात ती एकमेकांत मिसळतात तेव्हा लहरी येतात मिलिहर्ट्झमध्ये, म्हणजे एक अख्खी लहर जायला काही मिनिटं ते काही तास. तिथे जमिनीवरून काहीच ऐकू येत नाही, लायगोचे हात, म्हणजे लेझर ज्यातून जातो त्या लांब नळ्या, कितीही लांब करा. लिसाचा पट्टा साधारण ०.१ मिलिहर्ट्झ ते १ हर्ट्झ आहे, आणि तो पट्टा अंतराळातूनच उघडतो.

४. अंतराळात सगळंच तरंगतं ना? मग दोन ठोकळे तरंगत ठेवण्यात विशेष काय?

टीव्हीवर अंतराळवीर तरंगताना दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की तिकडे शांतता आहे. नसते. सूर्यप्रकाश यानाला ढकलतो, खराखुरा ढकलतो, पाथफाइंडरच्या आकाराच्या यानावर हा जोर दहा-वीस मायक्रोन्यूटनच्या घरात जातो. पृथ्वीवर एक-दोन मिलिग्रॅम वजनाचा जेवढा भार तेवढा. आपल्याला हास्यास्पद वाटतो पण इथे चाललेल्या मोजमापाच्या मानाने तो प्रचंड आहे, आणि वर तो कमीजास्त होतो.

म्हणून युक्ती अशी की ठोकळा यानाच्या आत मोकळा ठेवायचा, कशालाही न चिकटलेला, आजूबाजूला काही मिलिमीटरची फट. यान छत्रीसारखं त्याच्याभोवती. सूर्याचा दाब यानावर पडतो, ठोकळ्यावर नाही. दाबाने यान थोडं सरकलं की फट बदलते, सेन्सरला कळतं, आणि यानाचे बारीक थ्रस्टर यानाला परत जागेवर आणतात. म्हणजे ठोकळा यानाच्या मागे जात नाही, यान ठोकळ्याच्या मागे जातं. ही कल्पना पाथफाइंडरची नाही बरं का, १९७२ मध्ये अमेरिकन नौदलाच्या ट्रायड उपग्रहावर हे पहिल्यांदा करून दाखवलं होतं, नंतर ग्रॅव्हिटी प्रोब बी आणि गोसे ही यानं होती. पाथफाइंडरने जे केलं ते म्हणजे ही कल्पना अशा टोकाला नेली जिथे आधी कोणी फिरकलंही नव्हतं.

५. थ्रस्टर एवढे बारीक कसे? रॉकेटच्या ज्वाळा वगैरे?

ज्वाळा नाहीत. ईसाने वापरले ते नायट्रोजन वायूचे, थंड वायू बारीक भोकातून सोडायचा, जोर १ ते १०० मायक्रोन्यूटनच्या आसपास. सुरुवातीला सीझियम धातूचे आयन सोडणारे थ्रस्टर लावायचा बेत होता पण ते वेळेत तयार होईनात, म्हणून ताऱ्यांचा नकाशा काढणाऱ्या ईसाच्या गाया यानावरचे नायट्रोजनवाले घेतले. नासाचे थ्रस्टर पूर्ण वेगळ्या जातीचे होते, त्याबद्दल प्रश्न १३ बघा.

६. ठोकळे सोन्याचेच का? श्रीमंती दाखवायला?

तसं असतं तर बरं झालं असतं. प्रत्येक ठोकळा ४६ मिलिमीटर बाजूचा, वजन २ किलोच्या जरा आत, साधारण ७३ टक्के सोनं आणि २७ टक्के प्लॅटिनम. पहिलं कारण घनता, छोट्या आकारात जास्त वस्तुमान मिळालं की तोच धक्का बसला तरी वस्तू कमी हलते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, चुंबकत्व. सोन्याला चुंबकीय क्षेत्र किंचित दूर ढकलतं आणि प्लॅटिनमला किंचित ओढतं, दोन्ही बरोबर प्रमाणात मिसळले की एकमेकांना जवळजवळ मारून टाकतात. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यासोबत चुंबकीय क्षेत्र बदलत असतं आणि यानातही करंट वाहत असतात, त्यामुळे ठोकळ्याने चुंबकाकडे अजिबात लक्ष न देणं गरजेचं होतं.

७. हे सगळं जमिनीवरच्या लॅबमध्ये टेस्ट करून घेता आलं नसतं का?

बरंच केलं. इटलीत त्रेंतो विद्यापीठात टॉर्शन पेंडुलमला, म्हणजे बारीक तारेला, ठोकळ्याची नक्कल टांगून वर्षानुवर्षं मोजमापं झाली. वायूच्या रेणूंचा मार, विद्युतभाराचा त्रास, तापमानातल्या फरकाचा जोर हे सगळं तिथे आधी समजून घेतलं गेलं, आणि माझ्या मते पाथफाइंडरच्या यशात त्या लटकत्या तारेचं श्रेय कोणी पुरेसं देत नाही.

पण तारेला टांगलेली वस्तू मोकळी नसते. मोकळं सोडायचं तर पडू द्यायला लागतं आणि जर्मनीत ब्रेमेनला जो पडण्याचा टॉवर आहे तिथे सरळ सोडलं तर पाचेक सेकंद मिळतात, खालून वर उडवलं तर नऊएक. इथे तर हजारो सेकंद चालणाऱ्या हालचाली बघायच्या आहेत.

८. मग पृथ्वीभोवती फिरवायचं, १५ लाख किलोमीटर लांब एल१ ला कशाला पाठवलं?

पृथ्वीजवळ पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जागोजागी वेगळं असतं, शिवाय दर फेरीला उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात, तापमान वर-खाली. सूर्य आणि पृथ्वीच्या मधल्या एल१ बिंदूभोवती कायम ऊन, कायम एकाच बाजूने, तापमान स्थिर. रॉकेटने आधी पृथ्वीभोवतीच सोडलं, मग यानाच्याच प्रोपल्शन मॉड्यूलने कक्षा टप्प्याटप्प्याने उंच नेली, आणि २२ जानेवारी २०१६ ला ते मॉड्यूल वेगळं करून टाकलं. मोठं इंजिन आणि आत डुचमळणारं इंधन शेजारी ठेवून शांतता मोजता येत नाही ना.

९. रॉकेटच्या हादऱ्यात ते मोकळे ठोकळे फुटले कसे नाहीत?

मोकळे नव्हते तेव्हा. वर जाताना प्रत्येक ठोकळ्याला कोपऱ्यांवर आठ बोटांसारख्या पकडींनी घट्ट दाबून धरलं होतं. फेब्रुवारी २०१६ च्या सुरुवातीला ती बोटं मागे घेतली, मग ठोकळे दोन बाजूंच्या बारीक दांड्यांवर राहिले, आणि १५ आणि १६ फेब्रुवारीला एकेक करून सोडले. लायगोने पहिल्या लहरीची घोषणा केली ११ फेब्रुवारीला, म्हणजे चारच दिवस आधी, त्या आठवड्यात या लोकांची काय अवस्था असेल कल्पना करा.

आता ट्रिकी भाग. निर्वातात स्वच्छ सोनं दुसऱ्या धातूला टेकलं की चिकटतं. दोन्ही बाजूंनी दांडी अगदी एकाच क्षणी आणि सारख्याच पद्धतीने सुटली नाही तर ठोकळा ढकलला जातो, फिरायला लागतो, आणि आजूबाजूच्या इलेक्ट्रोडचा विद्युत जोर इतका कमी असतो की वेगाने निघालेला ठोकळा त्यांना आवरत नाही. पाथफाइंडरमध्ये ठोकळे सुटताना ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने सुटले, काम झालं पण हाताने सावरून घ्यायला लागलं. म्हणून मोहिमेच्या अगदी शेवटी, गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा, ठोकळे परत परत पकडून परत परत सोडून बघितले. लिसामध्ये तीन यानं आणि सहा ठोकळे आहेत आणि दुरुस्तीला तिकडे कोणी जाणार नाहीये, त्यामुळे शेवटची ही टेस्ट मला तरी पूर्ण मोहिमेतल्या सगळ्यात शहाण्या निर्णयांपैकी एक वाटते.

१०. यान पहिल्या ठोकळ्याच्या मागे जातं हे कळलं. पण ठोकळे दोन आहेत! एक यान दोघांच्या मागे कसं जाणार?

हा प्रश्न विचारणाऱ्याने नीट विचार केलाय. उत्तर असं की जाऊ शकत नाही, निदान एकाच रेषेत तरी नाही. दोन ठोकळ्यांवर जर अगदी थोडं वेगळं गुरुत्वाकर्षण असेल, आणि असतंच, तर ते हळूहळू एकमेकांपासून सरकतात. म्हणून पाथफाइंडरमध्ये यान पहिल्याच्या मागे जायचं आणि दुसऱ्याला इलेक्ट्रोडने अगदी हलक्या विद्युत जोराने, खूप सावकाश, जागेवर ठेवायचे. हा जोर किती लावला ते माहीत असतं त्यामुळे तो हिशोबातून वजा करायचा.

मग लगेच शंका येते की हा लावलेला जोरच गोंगाट, म्हणजे मोजमापात नको असलेली हालचाल, करत असेल तर? त्यासाठी वेगळा प्रयोग केला. दुसऱ्या ठोकळ्याला सतत धरून न ठेवता क्षणभर टिचकी मारायची आणि जवळजवळ सहा मिनिटं पूर्ण मोकळं सोडून द्यायचं, परत टिचकी, परत मोकळं. मधल्या मोकळ्या वेळातला डेटा घ्यायचा.

लिसामध्ये हा त्रास मुळातच नाही. तिथे प्रत्येक यानात दोन ठोकळे आहेत पण त्यांच्या मोजायच्या दिशा एकमेकींशी ६० अंशात आहेत, त्यामुळे यान पहिल्याच्या मागे त्याच्या दिशेने आणि दुसऱ्याच्या मागे त्याच्या दिशेने जाऊ शकतं आणि मोजायच्या दिशेत कुठल्याच ठोकळ्याला हात लावायला लागत नाही. म्हणजे या एका बाबतीत पाथफाइंडरची परीक्षा खऱ्या मोहिमेपेक्षा कठीण होती.

११. रिझल्ट काय आला? आकड्यात सांगा, "अपेक्षेपेक्षा चांगला" असं नको.

घ्या आकडे. मोजायचं होतं ते दोन ठोकळ्यांमधलं नको असलेलं त्वरण. पाथफाइंडरला पास व्हायला १ मिलिहर्ट्झला ३० फेम्टोमीटर प्रति सेकंद वर्ग प्रति रूट हर्ट्झ एवढी मुभा होती (हे त्वरणातल्या गोंगाटाचं एकक, पुढचे त्वरणाचे आकडे याच एककात). फेम्टोमीटर म्हणजे मीटरचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक. खऱ्या लिसाला याच्या दहापट कडक, ३ पाहिजे. पाथफाइंडरला मुद्दामच सैल ठेवलं होतं कारण पहिल्या फटक्यात एवढं जमेल असं कोणी गृहीत धरलं नव्हतं.

१ मार्च २०१६ ला विज्ञानाचं काम सुरू झालं आणि ७ जून २०१६ ला पहिला निकाल छापून आला: ०.७ ते २० मिलिहर्ट्झच्या पट्ट्यात ५.२. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये शेवटचा निकाल आला, २ मिलिहर्ट्झच्या वर १.७४. म्हणजे लिसाच्या अटीपेक्षाही खाली. आणि खालच्या टोकाला, अगदी २० मायक्रोहर्ट्झपर्यंत, साधारण ६०. तिकडे काही गाठायचं पाथफाइंडरला बंधनच नव्हतं.

जोर म्हणून बघायचं तर २ किलोच्या ठोकळ्यावर एवढं त्वरण म्हणजे एखाद्या जिवाणूच्या वजनाच्या आसपासचा जोर किंवा त्याहून कमी. लेझरचं मोजमाप तर त्याहून कमाल, पहिल्याच पेपरमध्ये ३५ फेम्टोमीटर प्रति रूट हर्ट्झ, म्हणजे अणूच्या जाडीचा काही हजारावा भाग. हे लेझरचं ऑप्टिकल बेंच झेरोडुर नावाच्या काचेचं, तापमानाने जवळजवळ न फुगणाऱ्या, आणि ते ग्लासगो विद्यापीठात बनलं.

१२. जो काही गोंगाट उरला तो कशाचा होता? आणि २०१६ पेक्षा २०१८ चा आकडा चांगला कसा, यान तर तेच होतं?

यान तेच, हवा कमी. ठोकळ्याच्या डब्यात उरलेले वायूचे रेणू ठोकळ्यावर आपटतात, दोन्ही बाजूंनी सारखे आपटत नाहीत, आणि मधल्या फ्रिक्वेन्सीला हाच मुख्य गोंगाट होता. अंतराळात पोचल्यावर डबा व्हॉल्व्ह उघडून बाहेरच्या निर्वाताला जोडला होता, त्यामुळे महिने जातील तसे आतले भाग सुकत गेले, दाब उतरत गेला आणि गोंगाटही. शेवटी शेवटी तापमान मुद्दाम खाली आणलं तेव्हा अजून उतरला. शिवाय यान किंचित फिरतं त्याने जे केंद्रोत्सारी बल तयार होतं त्याचा हिशोब लोकांनी आणखी नीट केला.

बाकी शत्रूंची यादी लांब आहे. वैश्विक किरण यानातून आरपार जातात आणि ठोकळ्यावर विद्युतभार साठतो, भार साठला की इलेक्ट्रोड त्याला ओढायला लागतात. तार जोडून तो काढता येत नाही कारण तार जोडली की ठोकळा मोकळा राहिला नाही. म्हणून अतिनील दिवे लावून, प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवून, न शिवता भार उतरवायचा. हे दिवे पाऱ्याच्या वाफेचे होते आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजची ती कामगिरी. लिसात त्या जागी अतिनील एलईडी येतील.

मग यानाचं स्वतःचंच गुरुत्वाकर्षण. यानातला प्रत्येक भाग ठोकळ्यांना आपल्याकडे ओढतो, म्हणून कुठला भाग किती वजनाचा आणि कुठे बसलाय याचा काटेकोर हिशोब ठेवून ठोकळ्यांजवळ टंगस्टनचे तुकडे बसवून तोल साधला. नायट्रोजनची टाकी रिकामी होत गेली की तोलही बदलत जातो, आणि तो बदल डेटामध्ये दिसला!

एक गोष्ट मात्र पूर्ण सुटलेली नाही. डेटामध्ये अधूनमधून छोटे झटके दिसायचे, साधारण दिवसाला एखादा, कुठलाही स्पष्ट बाहेरचा धक्का नसताना. वायूचे छोटे फवारे आतल्या भागांतून सुटत असावेत हा मोठा संशय आहे. लिसाच्या डेटात खरी लहर आणि असा झटका वेगळा ओळखायला लागेल त्यामुळे यावर अजून पेपर लिहिले जातात.

१३. यात नासाचा काय संबंध? नासाने तर लिसा सोडून दिलं होतं ना?

दोन्ही खरं आहे. लिसा मुळात ईसा आणि नासा मिळून करणार होते, २०११ मध्ये बजेटच्या कारणाने नासा बाहेर पडलं, युरोपने एकट्याच्या जोरावर छोटी आवृत्ती आखायला घेतली. पण पाथफाइंडरवर नासाचं एक पॅकेज आधीच ठरलं होतं आणि ते गेलं. त्यात जेट प्रोपल्शन लॅबची जबाबदारी आणि बुसेक कंपनीने बनवलेले कोलॉइड थ्रस्टर होते, जे विद्युतभारित द्रवाचे सूक्ष्म थेंब विद्युत क्षेत्राने फेकतात. ईसाच्याच ठोकळ्यांचा सेन्सर वापरून या थ्रस्टरनी यान सांभाळून दाखवलं.

लायगोचा शोध आणि पाथफाइंडरचा निकाल लागोपाठ आल्यावर वारं फिरलं आणि नासा परत आलं. आता लिसासाठी लेझर, दुर्बिणी आणि विद्युतभार उतरवायची यंत्रणा नासा देणार आहे.

१४. म्हणजे पाथफाइंडर पास झालं म्हणजे लिसाचं सगळं टेस्ट झालं?

अजिबात नाही, आणि इथे बरेच लेख गडबड करतात. पाथफाइंडरने टेस्ट केलं एका यानाच्या आतलं, म्हणजे ठोकळा, सेन्सर, थ्रस्टर, भार उतरवणं, जवळचं लेझर मोजमाप. दोन यानांमधलं जे २५ लाख किलोमीटरचं अंतर आहे त्यातलं काहीच यात नव्हतं.

तिकडे अडचणीही वेगळ्या. एका यानाने दोनेक वॉटचा लेझर सोडला की तो पसरत पसरत जातो आणि दुसऱ्या टोकाला दुर्बिणीत शिरतो तो वॉटच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. आरशाने परत पाठवला तर परत काही पोचणारच नाही, त्यामुळे तिथलं यान स्वतःचा ताजा लेझर त्याच सुरात लावून परत पाठवतं. प्रकाशाला एका बाजूने जायलाच आठ सेकंदांच्या वर लागतात. आणि तिन्ही यानं आपापल्या कक्षेत सूर्याभोवती फिरत असल्यामुळे त्रिकोणाच्या बाजू कायम लांब-आखूड होत राहतात, सारख्या कधीच नसतात. लायगोमध्ये दोन हात सारखे ठेवले की लेझरचा स्वतःचा गोंगाट वजा होतो, इथे ती सोय नाही. मग काय करायचं हे पुढच्या प्रश्नात आहे.

या दुसऱ्या अर्ध्याची थोडी टेस्ट ग्रेस फॉलो-ऑनने केली. मे २०१८ मध्ये उडालेले दोन उपग्रह, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा नकाशा काढणारे, एकमेकांपासून २०० किलोमीटरच्या थोडे वर, आणि त्यांच्यात लेझर. दोन वेगळ्या यानांमध्ये लेझर इंटरफेरोमेट्रीने, म्हणजे लेझरच्या प्रकाशलहरी एकमेकींशी जुळवून, अंतर मोजायचं हे अंतराळात तिथे पहिल्यांदा झालं. २०० किलोमीटर आणि २५ लाख किलोमीटर यात फरक आहेच, पण तत्त्व जमलं.

१५. यात भारताचा, आपल्या महाराष्ट्राचा काही वाटा आहे का? की नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवायच्या?

पाथफाइंडरच्या यंत्रात नाही. लिसाच्या गणितात आहे आणि चांगला आहे.

वरच्या प्रश्नात लेझरच्या गोंगाटाची अडचण आली ना, त्यावरचा उपाय असा की प्रत्येक यानाची मोजमापं वेगवेगळ्या उशिराने सरकवून अशी जोडायची की लेझरचा गोंगाट कटतो आणि लहर उरते. टाइम डिले इंटरफेरोमेट्री म्हणतात याला. मूळ कल्पना नव्वदीच्या शेवटी अमेरिकेत जेट प्रोपल्शन लॅबमध्ये मास्सिमो टिंटो, आर्मस्ट्राँग आणि एस्टाब्रुक यांनी मांडली. पण अशा जोडण्या किती आणि कुठल्या शक्य आहेत, त्या सगळ्या शोधायच्या कशा, याला नीट बीजगणिताचा पाया दिला तो पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले संजीव धुरंधर, राजेश नायक आणि फ्रान्सचे विने यांनी, २००२ मध्ये. पुढे टिंटो आणि धुरंधर यांनी मिळून या विषयावर जो मोठा आढावा लिहिला तो आजही या क्षेत्रात शिरणाऱ्याला वाचायला लागतो. गणेशखिंडीत बसून २५ लाख किलोमीटरच्या त्रिकोणाचं बीजगणित, हे आपल्याकडे जेवढं माहीत असायला हवं तेवढं नाहीये.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारं लायगो-इंडिया हे वेगळं प्रकरण, ते जमिनीवरचं, ४ किलोमीटर हातांचं. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्याला २६०० कोटींची मंजुरी दिली. लिसा आणि ते एकमेकांचे स्पर्धक नाहीत, दोघांचे पट्टे वेगळे, कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

१६. चीनही असं काही करतोय म्हणे?

हो, दोन दोन. ताईची आणि तियानचिन. ताईची-१ हा टेस्टिंगचा उपग्रह ऑगस्ट २०१९ मध्ये आणि तियानचिन-१ डिसेंबर २०१९ मध्ये उडाला, दोन्ही पृथ्वीभोवतीच. ताईचीची मोठी मोहीम लिसासारखी सूर्याभोवती आणि तियानचिन पृथ्वीभोवती साधारण १ लाख किलोमीटरवर असा बेत आहे. एवढं नक्की की पाथफाइंडरच्या पातळीची शांतता अजून दुसऱ्या कोणी जाहीर केलेल्या आकड्यांत दाखवलेली नाही.

१७. यानाला उल्का लागली तर?

लागल्या की! वाळूच्या कणाहून लहान, पण पाथफाइंडर इतकं हळवं होतं की धक्का बसला की यानाने लगेच दुरुस्ती केली आणि त्या दुरुस्तीतून धक्का कुठून, किती जोरात आला हे काढता आलं. डेटा चाळून ५४ संशयित धडका सापडल्या, बऱ्याचशा गुरूच्या कुटुंबातल्या धूमकेतूंच्या धुळीशी जुळणाऱ्या. कोणी मागितलं नव्हतं, फुकटात मिळालेलं विज्ञान.

१८. पाथफाइंडर आता कुठे आहे? अजून चालू आहे का?

बंद आहे. एप्रिल २०१७ मध्ये एल१ वरून हलवून सूर्याभोवतीच्या कक्षेत टाकलं, ३० जूनला विज्ञानाचं काम थांबलं आणि १८ जुलै २०१७ ला जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या कंट्रोल सेंटरमधून शेवटची कमांड गेली. रेडिओ पूर्ण बंद केलाय, उगाच दुसऱ्या मोहिमांच्या संदेशात अडथळा नको म्हणून. परत चालू करता येत नाही.

१९. मग खरी लिसा कधी? आणि ती सगळ्यात आधी काय ऐकेल?

ईसाने २०१७ मध्ये निवडली, २५ जानेवारी २०२४ ला बांधणीला अंतिम मंजुरी दिली, आरियान ६ रॉकेटने २०३५ ला उडवायचा बेत आहे. पृथ्वीच्या मागे ५ कोटी किलोमीटरच्या आसपास राहून तीन यानांचा त्रिकोण सूर्याभोवती फिरेल. तारखा पुढे जातात, या मोहिमेच्या तर फारच गेल्यात, त्यामुळे कॅलेंडरवर पेनाने लिहू नका.

लोकांना वाटतं पहिली बातमी राक्षसी कृष्णविवरांची असेल. येईलही. पण खात्रीचे स्रोत आपल्याच आकाशगंगेत आहेत, एकमेकांभोवती गरागरा फिरणारे श्वेतबटू तारे, म्हणजे इंधन संपून आकसलेले तारे. कर्क तारकासमूहातली एचएम कॅन्क्री नावाची जोडी साडेपाच मिनिटांच्या आत एक फेरी मारते, म्हणजे तिच्या लहरी सहाएक मिलिहर्ट्झच्या. ती कुठे आहे, किती वेगाने फिरते हे दुर्बिणींनी आधीच माहीत आहे. त्यामुळे यंत्र चालू झाल्यावर हीच जोडी ऐकू आली नाही तर समजायचं काहीतरी बिघडलंय.

२०. मी इंजिनिअरिंगला आहे, पाथफाइंडरचा डेटा बघायला मिळेल का?

मिळेल आणि फुकट. ईसाच्या माद्रिदजवळच्या केंद्राने पाथफाइंडरचा पूर्ण संग्रह खुला ठेवलाय, आणि टीमने वापरलेला एलटीपीडीए नावाचा मॅटलॅबचा टूलबॉक्सही उपलब्ध आहे. सुरुवात करायची तर एप्रिल २०१६ चा एखादा शांत आठवडा घ्या, दोन ठोकळ्यांमधल्या त्वरणाचा स्पेक्ट्रम काढा आणि तोच प्रकार फेब्रुवारी २०१७ च्या डेटावर करा, प्रश्न १२ मधला वायूचा गोंगाट उतरलेला तुमच्याच ग्राफवर दिसेल. ते जमलं की लिसाच्या डेटा चॅलेंजकडे वळा, तिथे बनवलेल्या सिग्नलमधून स्रोत शोधायचे असतात. पायथन येत असेल तर तिथे मॅटलॅबची गरज पडत नाही.